शेजारच्या घरालगतचा खड्डा आणि ‘सक्रिय दाब’

भिंतीवर येणाऱ्या मातीच्या दाबाचे मूळ गणित १७७६ मध्ये एका फ्रेंच लष्करी अभियंत्याने मांडले, १८५७ मध्ये एका स्कॉटिश अभियंत्याने ते सोपे केले. कोल्हापूरच्या पेठांना त्याची फारशी गरज पडली नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतली जुनी घरे भिंतीला भिंत लावून, चुन्यात किंवा मातीत बांधलेली. पाया उथळ, खणायचे ते पायापुरतेच.

वाड्यांच्या जागी अपार्टमेंट आली, पार्किंग जमिनीखाली गेले आणि चित्र पालटले. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आल्यावर छोट्या प्लॉटवरही उंच इमारतींचा विचार सुरू झाला. बेसमेंटचा खड्डा थेट हद्दीला भिडतो.

या खड्ड्याच्या भिंतीवर मातीचा किती दाब धरायचा, याचा खरा वाद ‘सक्रिय दाब’ या शब्दापाशी आहे. सक्रिय म्हटले की जास्त दाब असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो सर्वांत कमी. भिंत थोडी बाहेर सरकली की माती स्वतःचा काही भार स्वतःच पेलते, म्हणून भिंतीवरचा दाब घटतो. मातीचा घर्षणकोन (कण एकमेकांवरून घसरायला किती विरोध करतात त्याचे माप) ३० अंश धरला तर दाबाचा गुणांक, म्हणजे मातीच्या उभ्या भाराच्या किती पट दाब भिंतीवर आडवा येतो तो आकडा, ०.३३ येतो. भिंत हललीच नाही तर तो ०.५, म्हणजे दीडपट. कमी आकडा धरला की लोखंड वाचते. पण तो मिळायला सहा मीटर खोल खड्ड्याची भिंत साधारण सहा मिलिमीटर तरी सरकावी लागते, आणि तेवढे सरकणे चुन्यातल्या जुन्या भिंतीला तडा द्यायला पुरते. शिवाय बेसमेंटच्या भिंतीला वरून स्लॅबचा आधार मिळतो. ती सरकणार कशी? शेजारी घर असताना स्थिर दाबच, म्हणजे न हलणाऱ्या भिंतीवरचा दाबच धरायला हवा, शेजारच्या पायाचा भार त्यात वेगळा मिळवायचा.

१९६९ मध्ये प्रत्यक्ष मोजमापे एकत्र मांडली गेली, तेव्हा खड्ड्याच्या खोलीच्या दुप्पट, आणि अगदी मऊ चिकणमातीत त्याहूनही जास्त अंतरापर्यंत आजूबाजूची जमीन खचते असे दिसले. ती किती खचेल हे कामाच्या दर्जावरही ठरते.

मातीतल्या पाण्याच्या दाबाला मात्र भिंत सरकल्याने फरक पडत नाही. वरुणतीर्थ, कपिलतीर्थ अशी तळी बुजवून शहर वाढले. भरावाच्या जागी पंप लावून पाणी उपसले की शेजारच्या पायाखालची बारीक मातीही वाहून येते.

आणखी एक गोष्ट नकाशात क्वचितच दिसते. साइटवर जिला रिटेनिंग वॉल म्हणतात ती माती अडवणारी भिंत खोदाई झाल्यावर ओतली जाते. तोवरच्या आठवड्यांत, कधी भर पावसाळ्यात, शेजारचे घर उघड्या काळ्या मातीच्या आणि मुरमाच्या कड्यावर उभे असते.