इंजेक्टर मोठे घेताय? आधी डेड टाइम बघा

टर्बोचा बूस्ट (इंजिनात हवा ढकलणारा जादा दाब) वाढवला की हवा जास्त जाते, पण तिला पुरेल एवढं पेट्रोल सोडायला इंजेक्टरला मिळणारा वेळ वाढत नाही. ७००० आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र १७ मिलिसेकंदांत संपतं. त्यातला ८० टक्के वेळ इंजेक्टर उघडा ठेवणं सुरक्षित. त्यापलीकडे ताणलं की इंजेक्टरमधली सुई नीट मिटत नाही, मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होतं आणि शेवटी पिस्टन वितळतो.

पोर्ट इंजेक्शनचा (पेट्रोल सिलिंडरबाहेर, इनटेकमध्ये सोडणाऱ्या पद्धतीचा) हिशोब सोपा आहे. टर्बो इंजिनाला दर अश्वशक्तीमागे ताशी २७० ग्रॅम पेट्रोल धरा. ४०० अश्वशक्तीला मिनिटाला सुमारे २.४ लिटर लागतं. ते चार इंजेक्टरांत वाटून ०.८ ने भागलं की प्रत्येकी मिनिटाला ७५० सीसी. ई-८५ (बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन) वापरणार असाल तर आणखी निदान ३० टक्के. इंजेक्टरांचे हे आकडे बहुधा ३ बार दाबाचे असतात, आणि रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब बूस्टइतकाच वाढायला हवा. हा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी निघालेली असेल तर १.५ बार बूस्टला नोझलवर निम्माच दाब उरतो.

घोळ होतो तो डेड टाइमचा, म्हणजे करंट मिळूनही पेट्रोल सुटत नाही त्या वेळेचा. करंट मिळाल्यावर सुई उचलायला १४ व्होल्टला सुमारे १ मिलिसेकंद जातो. व्होल्टेज उतरलं की त्याहून जास्त. फुल थ्रॉटलला ०.२ मिलिसेकंदाची चूक कळतही नाही. आयडलला मात्र ७५० सीसीच्या इंजेक्टरमधून पेट्रोल मिलिसेकंदभरही वाहत नाही, तिथे तीच चूक पाव हिस्सा खाते. रेडिएटरचा पंखा लागला की इंजिन हेलकावे खातं ते यामुळे. व्होल्टेजनुसार डेड टाइमचा तक्ता मिळत नसेल तर तो संच घेऊच नका. रेझिस्टन्सही मोजा: १२ ते १६ ओहम असेल तर ठीक, २ ते ४ ओहमच्या इंजेक्टरला वेगळा ड्रायव्हर लागतो.

बसवताना इंजिन थंड हवं. रेलमधला दाब उतरवायला इंधन पंपाचा रिले काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. ओ-रिंग नवेच घ्या आणि त्यांना इंजिन ऑइलचं बोट लावा. कोरडा ओ-रिंग आत जाताना कापला जातो. बसलेला इंजेक्टर बोटांनी फिरला पाहिजे. अडला तर ओ-रिंग चिमटला आहे, पुन्हा काढा.

बॅटरी आणि रिले जोडून, स्टार्ट न करता इग्निशन दोन-तीनदा ऑन करा आणि गळती बघायला प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. नव्या इंजेक्टरांचा मॅप (इंधनाच्या सेटिंगचा तक्ता) ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरल्याशिवाय स्टार्टर मारू नका. बूस्ट टप्प्याटप्प्याने वाढवा, नजर वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवर) ठेवा: पेट्रोलवर पूर्ण बूस्टला हे प्रमाण ११.५ ते १२ हवं. काटा १२.५ च्या वर सरकताना दिसला तर तिथेच पाय काढा.