सदाफुलीने मान टाकली तर आणि इम्पेशन्सने मान टाकली तर

थंडी पडली की, म्हणजे मुंबईत पडते तेवढी, नर्सऱ्यांच्या पुढच्या रांगेत काळ्या पिशव्यांमधली बुटकी, फुलांनी लगडलेली रोपं येऊन बसतात. गुलाबी, पांढरी, लाल, जांभळट. पाच पाकळ्यांची, चपटी, दीड-दोन इंचांची फुलं. त्यात काही सदाफुल्या असतात आणि काही इम्पेशन्स. विकणारा घाईत असला तर दोन्हींबद्दल ‘बारमाही आहे, बिनधास्त न्या’ एवढंच सांगतो. घरी आणून ग्रिलमध्ये शेजारी शेजारी ठेवली तर सुरुवातीला दोन्ही सारखीच टवटवीत दिसतात. मग एका दुपारी त्यातलं एक मान टाकतं.

त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला की उत्तर ठरलेलं असतं: पाणी घाला. इम्पेशन्स असेल तर सल्ला बहुधा बरोबर. सदाफुली असेल तर बहुधा तोच तिचा शेवट. म्हणून पाण्याचा मग हातात घेण्याआधी झाड कोणतं ते बघायला हवं.

ओळखायला फूल समोरून पाहून उपयोग नाही, ते उलटं करून पाहायचं. इम्पेशन्सच्या फुलामागे बारीक, वळलेली, शेपटीसारखी एक नळी लोंबत असते; मध तिच्यात असतो. सदाफुलीला तशी शेपटी नाही. तिच्या पाकळ्या खाली एकत्र येऊन एका सरळ, अरुंद नळीत शिरतात आणि फूल त्या नळीवर उभं असतं. समोरून मधोमध दिसतं ते बारीक भोक म्हणजे त्या नळीचं तोंड. परागकण, मध, सगळं आत. कळीही पाहा: सदाफुलीची कळी पिळलेली असते, पाकळ्या एकाच दिशेने एकमेकींवर गुंडाळलेल्या.

फुलं नसली तरी पानं सांगतात. सदाफुलीची पानं समोरासमोर जोडीने येतात, कडा सरळ, वरून चकचकीत, मधली शीर पांढरट आणि ठसठशीत. पान तोडलं की पांढरट चीक येतो, कारण ही कण्हेरीच्या आणि पांढऱ्या चाफ्याच्या कुळातली. इम्पेशन्सच्या पानांना बारीक दातेरी कडा असते आणि खोड रसाळ, उजेडात धरलं तर जवळजवळ आरपार दिसणारं. तेरडा लावणाऱ्यांना ते खोड पाहताच ओळख पटेल. गौरीच्या पूजेतला तेरडा आणि हे नर्सरीतलं इम्पेशन्स एकाच वंशातले, जवळचे नातेवाईक. बोंडंही तशीच: पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते फटकन फुटतं आणि बिया उडतात. लहान मुलांना रोपाजवळून हलवणं मग कठीण होतं.

दोघांची मूळ गावं नकाशावर फार लांब नाहीत. सदाफुली मादागास्करची. इम्पेशन्स पूर्व आफ्रिकेचं, केनियापासून मोझांबिकपर्यंतच्या पट्ट्यातलं. मध्ये फक्त मोझांबिकची सामुद्रधुनी. पण एक वाढली उन्हात आणि निचऱ्याच्या रेताड जमिनीत, दुसरं दमट रानाच्या सावलीत. त्यांच्या निगराणीतले सगळे फरक इथून निघतात.

आता मान टाकण्याकडे येऊ.

इम्पेशन्सच्या खोडात लाकूड जवळजवळ नसतंच. ते उभं असतं ते आतल्या पाण्याच्या दाबावर. पानं पातळ, त्यामुळे पाणी भराभर उडतं. कुंडी कोरडी पडली की अर्ध्या दुपारात अख्खं रोप कुंडीच्या काठावरून खाली लोळतं, पाहणाऱ्याला वाटतं संपलं. पाणी घाला, सावलीत ठेवा, तास-दोन तासांत ते पुन्हा ताठ होतं. त्यामुळे त्याच्या या नाटकाला घाबरायचं नाही. मात्र रोज रोज असं होऊ दिलं तर कळ्या गळतात आणि खालची पानं पिवळी पडतात. माती ओली असूनही दुपारी मान टाकली असेल, तर तो उन्हाचा किंवा गरम हवेचा त्रास आहे. अशा वेळी पाणी न घालता कुंडी हलवायची. शेजारच्या एसीचा बाहेरचा डबा ग्रिलकडे तोंड करून असेल तर इम्पेशन्स तिथे टिकणारच नाही, कितीही पाणी घाला.

सदाफुलीचं उलट आहे. तहान लागली की ती आधी पानं लांबीच्या बाजूने दुमडून घेते, तग धरते, संध्याकाळी पुन्हा उघडते. ती खरोखर मान टाकते तेव्हा कित्येकदा माती ओलीच असते. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि फायटोफ्थोरा, पिथियम यांसारख्या मूळकुजीच्या रोगजंतूंना फावतं. मुळं कुजली की पाणी ओढणारं कोणी उरत नाही, म्हणून भरल्या पाण्यात झाड तहानेलं दिसतं. आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही जातात.

खात्री करायला बोटाचं एक पेर मातीत खुपसा. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर थांबा. मग खोडाचा मातीलगतचा भाग नखाने हलकेच खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर आशा आहे. तपकिरी, काळपट, चिंबलेलं असेल, फांद्या एकेक करून सुकत चालल्या असतील, तर त्या रोपामागे वेळ घालवू नका; ती मातीही दुसऱ्या सदाफुलीला वापरू नका.

मुंबईत सदाफुली कुजण्याचं एक कारण म्हणजे ताटली. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकलं की भांडण ठरलेलं, म्हणून आपण प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवतो, आणि कुंडी दिवसभर त्या साचलेल्या पाण्यात उभी राहते. ताटली काढायची नसेल तर तिच्यात विटेचे तुकडे किंवा जाड खडी पसरून कुंडी वर उचला, आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटली रिकामी करा. डासांसाठीही ते करायलाच हवं. इम्पेशन्सला ताटलीतलं थोडं पाणी उन्हाळ्यात उलट उपयोगी पडतं, पण कायमचं डबकं त्यालाही चालत नाही. त्याचं खोड बुडाशी मऊ पडून वितळतं.

मातीचा फरक याच हिशेबाने. सदाफुलीला लाल माती, थोडं मुरलेलं शेणखत आणि सढळ हाताने जाड रेती; शक्यतो मातीची कुंडी. इम्पेशन्सला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताचं प्रमाण जास्त, प्लास्टिकची कुंडी चालते. गोची अशी की नर्सरीतून दोन्ही रोपं बहुतेक वेळा निव्वळ कोकोपीटच्या गोळ्यात येतात. हा गोळा तसाच मातीत पुरला तर बाहेरची माती वाळते आणि आतला गोळा ओला राहतो. बोटाला कोरडं लागतं, आत मुळं पाण्यात. सदाफुली लावताना तो गोळा बाहेरून अलगद मोकळा करून घ्यावा.

ऊन: सदाफुलीला पाच-सहा तास तरी थेट हवं, पश्चिमेची तापलेली खिडकी तिला चालते. सावलीत ती मरत नाही, पण लांबुडकी होते आणि ‘सदा’फुली राहत नाही. इम्पेशन्सला सकाळचं कोवळं ऊन किंवा नुसता भरपूर उजेड. पूर्वेची खिडकी, उत्तरेची गॅलरी, दोन इमारतींमधली उजेडाची बोळ. नर्सरीत मोठ्या फुलांचं, जाड पानांचं ‘न्यू गिनी’ इम्पेशन्सही मिळतं. त्याला थोडं जास्त ऊन सोसतं, बाकी निगा तीच.

खताबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोघांनाही थोडं आणि पातळ. नायट्रोजन जास्त झालं की पानंच पानं.

पावसाळा हा दोघांच्याही परीक्षेचा काळ, आणि माझ्या मते तिथे सदाफुलीत दोन जाती वेगळ्या धरायला हव्यात. रेल्वेच्या कडेला, गटाराच्या भिंतीत, गच्चीच्या भेगेत आपोआप उगवणारी उंच, साधी गुलाबी किंवा पांढरी सदाफुली भर पावसातही निभावते, कारण भेगेत पाणी साचतच नाही. बुटक्या, मोठ्या फुलांच्या, भडक लाल किंवा जर्दाळू रंगाच्या संकरित सदाफुल्या दिसायला सुंदर, पण कुंडीत मूळकुजीला लवकर बळी पडतात. त्यांना जून ते सप्टेंबर छज्ज्याखाली घ्या. फुलांच्या आकारासाठी या संकरित सदाफुल्यांचा सोस करण्यापेक्षा साधी गुलाबी लावावी, शेंडे खुडत राहावं, ती घुमटासारखी भरते. इम्पेशन्सला पावसाची हवा आवडते, पण पानांवर पाणी राहिलं की खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरते, मग पानं पिवळी पडून झडतात आणि नुसते दांडे उरतात. पाणी नेहमी मातीत घालावं, पानांवर नाही.

सदाफुलीची आणखी एक तक्रार ओळखून ठेवा: फुलं रंग सोडून हिरवी यायला लागतात, पाकळ्यांच्या जागी पानासारखं काहीतरी, शेंड्यावर बारीक पानांचा झुपका. अशी फांदी कौतुकाने जपू नका. हा फायटोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा रोग, तुडतुडे तो पसरवतात, आणि घरगुती इलाज नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाकायचं.

नवी रोपं करायची तर इथेही दोघं एकमेकांविरुद्ध. सदाफुलीच्या फुलामागे जोडीने बारीक शेंगा धरतात. त्या पिवळ्या-तपकिरी झाल्या की फुटायच्या आत काढा. आतल्या काळ्या बिया पेरल्यावर मातीने झाका, त्यांना रुजायला अंधार लागतो. इम्पेशन्सच्या बिया बारीक, त्यांना उजेड लागतो; मातीवर नुसत्या भुरभुरवायच्या. पण बियांची खटपट कशाला? इम्पेशन्सची चार बोटं लांब फांदी, खालची पानं काढून, पाण्याच्या ग्लासात ठेवली की एक-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. संकरित सदाफुलीच्या बियांपासून आईसारखीच फुलं येतील याची खात्री धरू नका.

एक गोष्ट मान टाकण्याशी संबंधित नाही, पण सदाफुली घरात आहे तिथे सांगावीच लागते. सकाळी फिरून आल्यावर साखरेसाठी तिची पानं-फुलं चावून खाणारे लोक जवळजवळ प्रत्येक बागेत भेटतात. मधुमेहाच्या त्याच लोकसमजुतीवरून 1950च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांवर तिचा अर्क तपासला. साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन सापडलं, पुढे व्हिनक्रिस्टिनही, आणि ही दोन्ही आज रक्ताच्या कर्करोगावर आणि लिम्फोमावर, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर, वापरली जातात. म्हणजे पानात केमोथेरपीत वापरतात ती विषारी द्रव्यं असतात, तीही मोजमाप न केलेली. ती खाऊ नये, मुलांच्या आणि मांजराच्या तोंडाला लागेल अशा जागी ठेवू नये. छाटणी केल्यावर हात धुवावेत.

आता घ्यायचं कोणतं? खिडकी पश्चिमेची किंवा दक्षिणेची असेल आणि घरात कोणी पाणी घालायला विसरणारं असेल, तर सदाफुली. उजेडाची पण उन्हाची नसलेली गॅलरी असेल आणि रोज सकाळी झाडांपाशी जाणं होत असेल, तर इम्पेशन्स. ते नोव्हेंबरच्या सुमारास आणावं, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत भरभरून फुलतं. मार्चनंतर मुंबईच्या उकाड्यात ते मलूल होतं, फुलं कमी होतात. तेव्हा एक-दोन फांद्या ग्लासात लावून आतल्या थंड खोलीत ठेवाव्यात आणि मूळ रोपाचा आग्रह सोडावा. दोन्ही एकाच लांब कुंडीत लावू नयेत, नर्सरीवाले तशा मिश्र कुंड्या भरून विकत असले तरीही.