दोन फायलींमधला वारसा

1986 साली गोव्यात दोन गोष्टी घडल्या आणि त्या क्वचितच एका दमात सांगितल्या जातात. जुन्या गोव्याची चर्च आणि कॉन्व्हेंट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, आणि 2001 सालासाठीचा प्रादेशिक आराखडा, म्हणजे गोव्यातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, अधिसूचित झाला. एक फाईल पुरातत्त्वाची, दुसरी नगरनियोजनाची. वारसा आणि विकास आराखडा यांची सांगड घालण्याची चर्चा आज पुन्हा सुरू आहे. ती इतकी वर्षं अडली, कारण या दोन फायली एका टेबलावर आल्याच नाहीत, असं माझं मत आहे.

नियोजन हा शब्द नव्हता तेव्हाही गावची जमीन कशी वापरायची हे गोव्यात ठरलेलं होतं. ते काम गावकरी संस्था करायची. पोर्तुगीजांनी 1526 च्या फोराल या सनदेत तिचे रीतिरिवाज लेखी नोंदवले. पुढे तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. या व्यवस्थेची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे खाजनं. खाडीच्या खाऱ्या पाण्याला मातीचे बांध घालायचे, त्यांत मानस, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची झडप, बसवायची, भरतीला तिची दारं मिटणार, ओहोटीला उघडणार. आत भात, मानशीवर मासळी, कडेला मिठागर. बांध फुटला तर सगळ्यांचंच शेत बुडणार, म्हणून त्याची डागडुजी ही गावाची सामाईक जबाबदारी. मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला आणि 1976 च्या दुरुस्तीने कुळं जमिनीची मालक झाली. कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते योग्यच झालं. पण बांधांचं काम कूळ संघांकडे गेलं आणि पुष्कळ ठिकाणी शेतीपेक्षा मानशीच्या मासळीचा लिलाव मोठा ठरला. मासळीसाठी खारं पाणी आत घेतलं गेलं, भाताची शेतं पडीक झाली. पडीक शेतावर बिल्डरची नजर जायला कितीसा वेळ लागतो?

पुरातत्त्वाच्या फाईलमध्ये खाजन कधी नव्हतंच. केंद्राचा 1958 चा कायदा आणि गोव्याचा 1978 चा कायदा, दोन्ही स्मारकांपुरते: तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर, जुन्या गोव्याची चर्च, किल्ले. स्मारक जपणं म्हणजे काय, यावरही एकमत नव्हतं. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझू बासिलिका या चर्चचा चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, जुनेपण दिसावं म्हणून काढला गेला. उघडा पडलेला जांभा तेव्हापासून पावसात झिजतो आहे. 2010 मध्ये केंद्रीय कायद्याने संरक्षित वास्तूभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढच्या 200 मीटरवर नियंत्रण आणलं. तरीही 2021 मध्ये जुन्या गोव्यात संरक्षित क्षेत्रातल्या एका बांधकामाविरुद्ध लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं.

नगरनियोजनाची फाईल 1974 च्या कायद्यापासून सुरू होते. तिने वारशाची दखल घेतली ती मुख्यतः शहरांत. पणजीच्या बाह्य विकास आराखड्यात, म्हणजे शहरापुरत्या आराखड्यात, मळा-फोंताइन्हास ही जुनी वस्ती संवर्धन क्षेत्र ठरली, तिथल्या बांधकामांच्या उंचीला आणि रूपाला बंधनं आली. म्हणून तो भाग अजून ओळखू येतो. (पर्यटकांच्या फोटोंनी रहिवासी आता वैतागलेत, ती गोष्ट वेगळी.)

गावातल्या घरांचं काय? राजांगण म्हणजे मधला चौक असलेली हिंदू घरं, बल्कांव म्हणजे बसायच्या ओसरीची ख्रिस्ती घरं ना स्मारकं, ना बहुतेक संवर्धन क्षेत्रात. त्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला वारसाहक्क: घरात सगळ्या मुलांचा वाटा. दोन-तीन पिढ्यांत एका घराला वीस-पंचवीस मालक, कुणी मुंबईत, कुणी लिस्बनमध्ये. कौलं कुणी बदलायची, हा प्रश्न सुटत नाही. विकायचं मात्र कधी ना कधी सगळ्यांना पटतं.

दोन्ही फायली एकत्र येण्याची संधी एकदा आली होती. 2006 मध्ये अधिसूचित झालेल्या 2011 सालासाठीच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध जनआंदोलन पेटलं आणि 2007 मध्ये तो सरकारला मागे घ्यावा लागला. मग 2021 साठीच्या आराखड्याकरिता कृती दल नेमलं गेलं, त्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. त्या मसुद्याने जंगलं, पाणवठे, भातशेती, खाजनं इको-1 या सर्वांत संवेदनशील पर्यावरणीय पट्ट्यात घातली. बागायती, मिठागरं, उतार इको-2 मध्ये. गावागावांचे नकाशे पंचायतीत लागले, लोकांच्या सूचना मागवल्या गेल्या. खाजनाला आराखड्यात स्वतःची जागा मिळाली ती अशी. पुढे सरकार बदलल्यावर 2012 मध्ये आराखडा स्थगित झाला, मग काही वर्षांनी पुन्हा बाहेर काढला गेला.

तोवर खरी हालचाल आराखड्याबाहेर सुरू झाली होती. नगरनियोजन कायद्यात 2018 मध्ये 16 ब, 2023 मध्ये 17(2) आणि 2024 मध्ये 39 अ ही कलमं आली. त्यांतून एकेका भूखंडाचा झोन, म्हणजे ठरलेला जमीनवापर, बदलण्याची वाट मोकळी झाली आणि वाद न्यायालयात गेले. 39 अ खाली झोन बदलण्यापूर्वी हरकतींसाठी 30 दिवस दिले जातात. अधिसूचनेत गाव असतं, सर्वे नंबर असतो, चौरस मीटर असतात. त्या सर्वे नंबरात एखादी मानस असली तर ते गावातल्याच कुणीतरी त्या 30 दिवसांत कळवायचं.