पार्श्वभूमी : वर्गातला मिनोटॉर आणि नाटकाचा तास

इंग्लंडमधल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत ग्रीक पुराणकथांचा पाठ आला की बाकं भिंतीला सरकतात. बैलाचं डोकं असलेल्या मिनोटॉर राक्षसाला मारायला निघालेला वीर थीसिअस झालेला मुलगा दोन रांगांमधून चालतो. एका बाजूने 'जा, मिनोटॉरला मार' आणि दुसऱ्या बाजूने 'अजून वेळ आहे, परत फिर' अशी कुजबुज. मग बाई स्वतःच मिनोटॉरला कोंडून ठेवणारा राजा मायनॉस होऊन खुर्चीत बसतात आणि वर्ग त्यांची उलटतपासणी घेतो.

या कथा मुलांच्या पुस्तकांत रुजल्या एकोणिसाव्या शतकात, तेही बरीच काटछाट आणि थोडी भर घालून. मिडासच्या स्पर्शाने त्याची मुलगी सोन्याची होते, हा प्रसंग जुन्या रोमन काव्यात नाही. 1851 च्या एका अमेरिकन पुस्तकातून तो आला. आपल्याकडेही ही गोष्ट मुलीसकटच सांगतात. शाळेच्या नाटुकल्यांत तर तिच्यावाचून मजाच नाही.

खरा वाद अभ्यासक्रमातल्या नाटकाच्या जागेचा. इंग्लंडमध्ये 1988 च्या शिक्षण कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला. चित्रकला आणि संगीत स्वतंत्र विषय झाले, नाटक मात्र इंग्रजीच्या पोटात गेलं. इंग्रजी सगळ्यांनाच असतं, तेव्हा नाटकही आपोआप सगळ्यांपर्यंत पोचेल, असा एक युक्तिवाद. पण ज्या विषयाला वेळापत्रकात चौकोन नाही, त्याचा तास सर्वांत आधी कापला जातो, हे कुठल्याही शिक्षकाला विचारावं. 1998 मध्ये रोजचा साक्षरता तास सुरू झाला तेव्हा हेच दिसलं: पुराणकथा यादीत होत्या, पण भर वाचन-लेखनावर. 2003 च्या मार्गदर्शक साहित्याने बोलणं, ऐकणं आणि गटचर्चा यांच्या जोडीला नाटकाला बरोबरीचं स्थान दिलं. 2014 च्या अभ्यासक्रमात ते पुन्हा आक्रसलं. नाट्यकलेचा अनुभव सर्वांना मिळावा असं एक वाक्य उरलं, आणि मौखिक कौशल्यांच्या यादीत भूमिकाभिनय.

प्राचीन ग्रीस मात्र 1991 पासून 7 ते 11 वयोगटाच्या इतिहासात आहे आणि 2014 नंतरही टिकून आहे. पुराणकथा तोंडी पुन्हा सांगणं तिसरी-चौथीच्या इंग्रजीत येतं. त्यामुळे ग्रीस एका तासाला, थीसिअस दुसऱ्या तासाला, आणि दोघांना जोडणारं नाटक शिक्षकाच्या हौसेवर. त्यात अकॅडमी प्रकारच्या, म्हणजे सरकारी पैशावर पण स्थानिक प्रशासनाबाहेर चालणाऱ्या, शाळांना हा अभ्यासक्रम आजवर बंधनकारक नव्हताच.