एनसीसी घ्यावं की एनएसएस: नागपुरातल्या फर्स्ट इयरवाल्यांसाठी

अ‍ॅडमिशनची धावपळ संपली की कॉलेजच्या नोटीस बोर्डवर दोन कागद शेजारी शेजारी लागतात, एक एनसीसीचा (राष्ट्रीय छात्र सेना) आणि एक एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजना), आणि पोरं तिथं उभी राहून एकमेकांना विचारतात, काय फरक आहे बे दोघांत? उत्तर बहुतेक एकच मिळतं, की एनसीसीत परेड असते, एनएसएसमध्ये झाडं लावतात, मार्क दोन्हीकडे मिळतात, ज्याला उन्हात उभं राहणं जमत नाही त्यानं एनएसएस घ्यावं. हे उत्तर अर्धवट आहे आणि त्याच्यापायी दर वर्षी कितीतरी पोरं चुकीच्या जागी जाऊन बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

गोंधळ होणं तसं साहजिक आहे. संविधान चौकात रॅली निघाली तर त्यात एनसीसीचे खाकीवाले पण असतात आणि एनएसएसचा बिल्ला लावलेले पण असतात, रक्तदान शिबिर दोघंही घेतात, स्वच्छता अभियान दोघंही करतात, कॅम्प दोघांचेही असतात, आणि २६ जानेवारीला दिल्लीच्या कर्तव्यपथावर तुकडी दोघांचीही चालते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला सगळं एकच वाटणार. पण आतून पाहिलं तर दोन्हीकडे पुढारीपण शिकवायची पद्धतच वेगळी आहे. एनसीसीत तुम्हाला रँक मिळते आणि त्या रँकच्या जोरावर लोक तुमचं ऐकतात. एनएसएसमध्ये रँक नसते, आणि ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं ते गावातले लोक तुमचं ऐकायला बांधील नसतात. माझ्या मते खरा फरक हा आहे, बाकी ड्रेस आणि सर्टिफिकेट नंतर.

थोडा इतिहास सांगते कारण ही निवड आजची नाही. एनसीसी १९४८ च्या कायद्यानं आली, त्याआधी १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरूंची समिती बसली होती, तिच्या शिफारशीवरून. मुलींचा विभाग १९४९ मध्ये, एअर विंग १९५० मध्ये, नेव्हल विंग १९५२ मध्ये. सगळं संरक्षण मंत्रालयाखाली. मग १९६२ चं चीनशी युद्ध झालं आणि १९६३ मध्ये कॉलेजच्या पोरांना एनसीसी सक्तीची केली, ती सक्ती १९६८ मध्ये उठली. दुसरीकडे विद्यार्थ्यांनी देशासाठी काहीतरी समाजकाम करावं हा विचार आधीपासून चालूच होता, १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या समितीनं तर नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा सुचवली होती, पण पुढं ठरलं की सेवा सक्तीनं होत नाही, स्वेच्छेनंच असावी. १९६७ मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत शिफारस झाली की एनसीसी ऐच्छिक ठेवा आणि तिला पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजना द्या. मग गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, तेव्हाचे शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत एनएसएस सुरू केली. म्हणजे हे दोन कागद शेजारी शेजारी लागायचं तिथंच ठरलं होतं, एक किंवा दुसरं म्हणून. एनएसएस आज युवा कार्यक्रम आणि क्रीडा मंत्रालयाकडे आहे.

आता एनसीसी आतून कशी असते ते पहा. तुमच्या कॉलेजचे कॅडेट शहरातल्या कुठल्यातरी बटालियनला जोडलेले असतात, कॉलेजमधलेच एक प्राध्यापक एएनओ, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसर, असतात, आणि शिकवायला बटालियनकडून पीआय स्टाफ येतो, म्हणजे सैन्यातले हवालदार साहेब, सुभेदार साहेब. यातले बरेच एएनओ कुठं तयार होतात माहीत आहे का? आपल्या कामठीत. देशभरातले प्राध्यापक तिथल्या एनसीसीच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत ट्रेनिंगला येतात, आणि नागपूरच्या कितीतरी लोकांना पत्ताच नसतो.

पहिले काही महिने फक्त ड्रिल. सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल. घरी येऊन पोरं म्हणतात, काय करून राहिलो बाप्पा आम्ही, रोज तेच ते. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला त्याच पोरीला स्क्वॉडसमोर उभं करून म्हणतात, आता तू कमांड दे, तेव्हा कळतं. थम ही कमांड ठराविक पाय जमिनीवर पडतानाच द्यावी लागते, अर्धा सेकंद इकडेतिकडे झालं की पूर्ण स्क्वॉड अडखळतो आणि चूक कोणाची ते सगळ्यांना दिसतं. आवाज पोटातून काढावा लागतो, शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. जी पोरगी वर्गात हजेरी देताना पुटपुटायची तिला मी कस्तुरचंद पार्कवर प्रजासत्ताक दिनाच्या परेडला तुकडी नेताना पाहिलंय, ओळखू आली नाही. लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट, मग ज्युनिअर अंडर ऑफिसर, सिनिअर अंडर ऑफिसर अशी ती शिडी चढत जाते, आणि प्रत्येक पायरीवर आधी वरच्याचं ऐकायला शिकायचं आणि मग खालच्याला सांगायला. शिवाय पॉइंट टू टू रायफलचं फायरिंग, मॅप रीडिंग, आणि दहा दिवसांचे कॅम्प. समाजसेवा इथंही आहेच, २०२० च्या लॉकडाउनमध्ये एक्सरसाइज योगदान नावाखाली कॅडेट मदतीला उतरले होते, पण तिथंही काम वरून ठरून येतं आणि तुम्ही ते शिस्तीत पार पाडता.

एनएसएसमध्ये हे सगळं नाही. साधारण १०० स्वयंसेवकांचं एक युनिट, वर एक कार्यक्रम अधिकारी, म्हणजे तुमचेच एखादे सर नाहीतर मॅडम. दोन वर्षांत २४० तास काम, वर्षाला १२०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर. ब्रीदवाक्य आहे नॉट मी बट यू, बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक. आणि लोक म्हणतात एनएसएस म्हणजे सोपं काम. मला हे ऐकून खरंच राग येतो, कारण सात दिवसांच्या शिबिरात जे करावं लागतं ते मी जवळून पाहिलंय.

हिंगणा तालुक्यातलं एक गाव होतं, डिसेंबरची थंडी, पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्कामाला. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक म्हणजे व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, स्वयंपाकाची पाळी गटागटानं. त्या वर्षी सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, काम घेतलं होतं. विदर्भात हा आजार खूप आहे हे आपल्याला माहीत आहे, आणि त्यात गुंतागुंत ही की वाहक माणसाला सहसा काहीच त्रास होत नाही, त्यामुळं त्याला कळतही नाही, पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के. म्हणून लग्नाआधी तपासणी महत्त्वाची. हे पोरांनी बौद्धिकात ऐकलं, वहीत उतरवलं आणि घरोघरी सांगायला निघाली. तिसऱ्याच घरी एक आजी ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या, पोरीनं पाठ केलेलं सगळं सांगितलं, आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काऊन पाह्यजे माय तुले आमचं रक्त? मागच्या साली बी आले होते लोकं, घेऊन गेले, त्याचा रिपोट कुठी हाय?"

याला उत्तर कुठल्याच वहीत नव्हतं. हुकूम द्यायची सोय नाही, रँक नाही, युनिफॉर्मचा धाक नाही. पोरगी ताबडतोब परत आली आणि रात्री गटात हाच विषय निघाला, एक जण म्हणाला सोडून देऊ ते घर, दुसरी म्हणाली आजी बरोबर बोलून राहिल्या, आधी मागच्या रिपोर्टचं पाहू. दुसऱ्या दिवशी त्या दोघी गावातल्या आशाताईंना भेटल्या, त्यांना सोबत घेऊन आरोग्य केंद्रातून जुने कागद काढले, काही रिपोर्ट खरंच तिथंच पडून होते, ते घरोघरी वाटले आणि मग नव्या तपासणीचं बोलल्या. आजीच्या सुनेनं स्वतःहून बोट पुढं केलं. हे जे त्या पोरीला जमलं, आधी ऐकून घेणं, लोकांच्या तक्रारीत तथ्य आहे हे मान्य करणं, ते काम करणं आणि मगच आपलं काम मागणं, हे ड्रिल ग्राउंडवर शिकता येत नाही. तसंच वनराई बंधाऱ्याचं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून नाल्यावर रचायची, अंगमेहनत तर आहेच, पण बंधारा नेमका कुठं घालायचा यावर वरच्या आणि खालच्या शेतवाल्याचं जुळवून आणणं हे त्याहून अवघड, आणि ते एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना करावं लागतं.

ज्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे तिथं तर या कामाला कमी लेखूच नये. ग्रामसफाई आणि श्रमदान त्यांनी स्वतः खेड्याखेड्यात जाऊन करून दाखवलं.

पण एक कमजोर बाजू आहे ती पण सांगते. एनसीसीला बाहेरून सैन्याचा स्टाफ येतो, ठरलेला सिलॅबस आहे, हजेरी आणि परीक्षा आहे, त्यामुळं कॉलेज थोडं ढिलं असलं तरी पोरांना बऱ्यापैकी मिळतं. एनएसएसचं सगळं त्या एका कार्यक्रम अधिकाऱ्यावर असतं. चांगले सर मिळाले तर आयुष्यभर पुरेल असं शिबिर होतं, नाही मिळाले तर बॅनर, हार, फोटो, अहवाल आणि दुपारी घरी. एका कॉलेजात तर मी असं पाहिलं की दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत झाडं लावतात, कारण मागच्या वर्षीची पाण्याविना वाळून जातात आणि पाणी घालायचं काम कोणाच्या यादीतच नसतं. म्हणून एनएसएस घ्यायच्या आधी सिनिअर्सना एकच विचारा, शिबिराच्या गावात तुम्ही नंतर परत गेले का? गेले असतील तर डोळे मिटून नाव द्या.

फायद्याचं पण बोलू, पालक तेच विचारतात. एनसीसीचं बी सर्टिफिकेट दोन वर्षांनी, सी तिसऱ्या वर्षी, आणि सैन्यात जायचं असेल तर सी चा उपयोग मोठा आहे, अधिकारी भरतीच्या स्पेशल एन्ट्रीत सीडीएसची लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी मुलाखतीला, म्हणजे सैन्याच्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, जाता येतं, फक्त सी मध्ये किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के लागतात. एसएससी जीडीच्या, म्हणजे केंद्रीय दलांतल्या कॉन्स्टेबलच्या, भरतीत सी ला ५ टक्के, बी ला ३ आणि शाळेत मिळणाऱ्या ए ला २ टक्के बोनस. आणि ज्या आईबाबांना वाटतं की एनसीसी घेतली म्हणजे पोराला सैन्यात जावंच लागेल, तसं अजिबात नाही, कॅडेटवर सैन्यात जायचं कुठलंही बंधन नसतं. एनएसएसचा असा थेट नोकरीचा फायदा नाही हे मान्य करून टाका. पुढं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), पत्रकारिता, सार्वजनिक आरोग्य किंवा प्रशासनात जायचं असेल तर मात्र खेड्यात घालवलेले ते दिवस मुलाखतीत दिसतात, बोलण्यावरूनच कळतं कोण गावात राहून आलंय. क्रेडिट आणि वाढीव गुणांचं आपल्या कॉलेजच्या ऑफिसात विचारा, नव्या शैक्षणिक धोरणानंतर त्यात बरेच बदल झालेत, सिनिअरचं ऐकीव धरून चालू नका.

आजकाल मधेच माय भारतचं नाव येतं आणि अजून गोंधळ होतो. ते ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालेलं केंद्र सरकारचं युवकांसाठीचं व्यासपीठ आहे, त्यावर नोंदणी केली म्हणजे तुम्ही एनएसएसमध्ये आले असं होत नाही, युनिटचा फॉर्म कॉलेजातच भरावा लागतो.

दोन्ही सोबत घेता येईल का, हे हमखास विचारतात. नाही. एनएसएसच्या नियमावलीतच आहे की एनसीसीचा कॅडेट एनएसएसमध्ये नको आणि उलटंही नको. आणि वेळेचं गणित लक्षात घ्या, सी पर्यंत जायचं तर एनसीसी पहिल्याच वर्षी धरावी लागते, जागा मोजक्या, धावणं, शारीरिक, लेखी, मुलाखत असं करून निवड होते, त्यामुळं जूनपासूनच सकाळी धावायला लागा. एनएसएसला दोन वर्षं लागतात म्हणून सेकंड इयरला पण सुरू करता येतं. एनसीसीच्या निवडीत राहून गेलेली पोरं तोंड पाडून एनएसएसला येतात, त्यांनी पहिलं शिबिर होईपर्यंत तरी थांबावं, त्यातली कितीतरी नंतर गटप्रमुख झालेली मी पाहिलीत.

आणि ज्यांच्या कॉलेजात यातलं काहीच नाही किंवा नुसतं कागदावर आहे, त्यांनी दर वर्षी मे महिन्यात सोमनाथला होणारी श्रमसंस्कार छावणी पहावी, बाबा आमटेंनी सुरू केलेली, चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ आहे, आपल्याकडून लांब नाही. पदवी संपत आली असेल आणि पुढं काय असा प्रश्न असेल तर गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेचा निर्माण हा युवकांसाठीचा उपक्रम २००६ पासून चालू आहे, त्याचा अर्ज भरा, त्यातले प्रश्नच असे असतात की लिहायला बसलं की चार दिवस जातात, तर शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.