मुंबई–नागपूर: 680 किलोमीटरचे हवाई अंतर आणि मध्यरात्रीचे टपाल

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे. रेल्वेने हेच अंतर 837 किलोमीटर भरते, कारण गाडी कसाऱ्याचा घाट चढून मनमाड, भुसावळ, बडनेरा करत जाते. हा लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोचला. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, म्हणजे हवाई रेषेच्या बराच जवळ.

पण या हवाई मार्गाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती टपालाने. 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रोज रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. थैल्या या विमानातून त्या विमानात जात, प्रवासीही विमान बदलत आणि उजाडायच्या आत चौघे आपापल्या गावी परतत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात! देशाच्या टपालाचा इतका सुंदर हिशेब पुन्हा कुणी मांडला असेल असे मला वाटत नाही.

नागपूर मधोमध म्हणून निवडले, हे खरेच. मात्र 'मधोमध' म्हणजे सारख्या अंतरावर नव्हे. नागपूरपासून दिल्ली हवाई मार्गाने साधारण 850 किलोमीटर, मद्रास 905, तर कलकत्ता जवळजवळ 980. टपाल नेणारे डकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडे. त्या वेगाने मुंबईहून यायला अडीच तास पुरत, कलकत्त्याहून साडेतीन लागत. मध्यरात्रीची गाठ साधायची तर कलकत्त्याच्या विमानाला तासभर आधी निघणे भाग होते. शिवाय डकोटात हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने ते फार उंच जाऊ शकत नसे. पावसाळी ढग टाळून वरून जाण्याची सोय नाही, त्यामुळे त्या वैमानिकांबद्दल मनात फार आदर वाटतो.

1956 साली नागपूर मुंबई राज्यात आले, मध्य प्रदेशच्या राजधानीचे स्थान गेले आणि 1960 साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तिथे भरू लागले. मार्गावर टपालाबरोबर मंत्री, आमदार आणि फायलींची ये-जा वाढली.

आज तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ छापलेली असते, पण विमान प्रत्यक्ष हवेत असते ते तास-सव्वा तासच. छापील वेळ मोजतात विमान जागचे हलल्यापासून ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. मुंबईत धावपट्टीपुढची रांग आणि उतरण्याआधीच्या घिरट्या या सगळ्यांची तजवीज त्यातच असते. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात. ते अधिवेशनाला जाणाऱ्याला पाठीवर मिळतात आणि परतणाऱ्याला समोरून, म्हणून तेवढ्याच 680 किलोमीटरला येताना दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात.