एक मिलिमीटर माती, दीड ब्रास गाळ

सोलापूरला उतार आहेतच कुठे, हा प्रश्न बांधकामाच्या साइटवरून वाहणाऱ्या गाळाचा विषय निघाला की हमखास विचारला जातो. वरवर पाहता तो रास्तही आहे. जुळे सोलापूर, होटगी रस्ता, शेळगी, बाळे अशा बाजूंना ज्या माळांवर नव्या इमारती उभ्या राहत आहेत ते माळ डोळ्यांना जवळजवळ सपाट दिसतात, आणि खरा चढ पाहायचा तर तुळजापूरच्या घाटापर्यंत, बालाघाटाच्या कडेपर्यंत जावे लागते. पण पाया खोदायला सुरुवात झाली की सपाट माळावरही उतार तयार होतात. खड्ड्याची उभी कड, तिच्या शेजारी पोकलेनने टाकलेला ढीग, पुलाच्या जोडरस्त्याचा भराव, मुरमाच्या खाणीची कापलेली बाजू हे सगळे उतारच आहेत. सुटी कोरडी माती ओतली की तिचा ढीग साधारण तीस ते पस्तीस अंशांच्या कोनात स्थिरावतो. कोणत्याही घाटरस्त्याच्या चढापेक्षा हा कोन कितीतरी अधिक आहे. शिवाय डोंगराच्या उतारावर गवत असते, मुळे असतात, वर्षानुवर्षे दबून बसलेले दगड असतात. ढिगाला यांतले काहीच नसते.

त्यावर पडणारा पाऊसही विचारात घ्यायला हवा. सोलापूर पर्जन्यछायेत येते, वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि तिचा मोठा वाटा सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताच्या सुमाराला पडतो. कोकणातल्यासारखी दिवसेंदिवस लागून राहणारी झड इथे क्वचितच लागते. दुपारनंतर आभाळ भरून येते, तास-दोन तास धो धो कोसळते आणि मोकळे होते. एकूण पाऊस कमी म्हणून धूपही कमी, हा हिशेब त्यामुळे इथे लागू पडत नाही. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने जमिनीवर येतो, तर पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब सुमारे ९ मीटर वेगाने. त्याचे वस्तुमान १२५ पट आणि वेग दुपटीहून अधिक असल्यामुळे त्याची गतिज ऊर्जा बारीक थेंबाच्या सहाशे पटींहूनही जास्त भरते. असा थेंब उघड्या मातीवर आदळला की ढेकूळ फुटते आणि कण हवेत उडतात. सपाट जागेवर ते चहूकडे सारखेच पडतात, उतारावर मात्र खालच्या बाजूला अधिक लांब जातात. फुटलेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात, पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतो, आणि मुरणारे पाणी वाहू लागते.

जोराच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या उघड्या ढिगाजवळ उकिडवे बसून पाहिले तर या माऱ्याची खूण स्पष्ट दिसते. प्रत्येक लहानमोठ्या खड्याखाली मातीचा एकेक बुटका खांब उभा असतो. खड्याने वरचा मारा झेलला म्हणून तेवढीच माती टिकली, आजूबाजूची गेली. या खांबांची उंची पट्टीने मोजली की किती जाडीचा थर वाहून गेला, याचा ढोबळ अंदाज मिळतो. एक एकर उघड्या जागेवरून एक मिलिमीटर जाडीचा थर जाणे म्हणजे सुमारे चार घनमीटर, ठेकेदाराच्या भाषेत जवळजवळ दीड ब्रास माती जाणे. बिलात दीड ब्रास मुरूम कमी भरला तर लगेच लक्षात येते, पण जमिनीवरून गेलेला एक मिलिमीटर कोणाच्याच नजरेत भरत नाही.

आधी सगळ्या पृष्ठभागावरून पातळ चादरीने वाहणारे पाणी काही अंतरावर एकत्र येते, बोटभर रुंदीचे ओघळ पाडते, आणि ते ओघळ एकमेकांना मिळत गेले की हातभर खोल घळी होतात. इथे चढाबरोबरच उताराची लांबीही महत्त्वाची ठरते. अमेरिकेतील ए. डब्ल्यू. झिंग यांनी १९४० मध्ये प्रयोगांतून मांडलेल्या संबंधानुसार चढ दुप्पट झाला की धूप अडीच पटींहून अधिक होते, आणि उताराची लांबी दुप्पट झाली की दर चौरस मीटरमागे जाणारी माती सुमारे दीडपट होते. हा संबंध शेतीच्या मंद उतारांवरून काढलेला असल्यामुळे तो ढिगाच्या उभ्या कडांना जसाच्या तसा लावू नये. तिथे माती वाहण्याबरोबर घसरतेही. तरी त्यातली दिशा पक्की आहे, आणि लांब उतार मध्येच तोडला तर धूप कमी का होते, हेही तीच सांगते.

बांधकामाचा वाटा नेमका किती, हे १९६७ मध्ये एम. गॉर्डन वोल्मन यांनी अमेरिकेतील बाल्टिमोरच्या परिसराचा अभ्यास करून दाखवले. जंगल असताना ओढ्यांत गाळ अगदी थोडा येतो, शेती आली की वाढतो, बांधकाम सुरू झाले की एकदम उसळतो आणि वस्ती पूर्ण झाली की खाली येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने बांधकामाच्या जागेवरून येणाऱ्या गाळाचा दर शेतजमिनीच्या १० ते २० पट आणि जंगलाच्या १,००० ते २,००० पट धरला आहे. हे आकडे तिकडचे आहेत. आपली माती आणि आपला पाऊस वेगळा. मात्र सोलापूरची माती या बाबतीत अधिक सौम्य असेल, असे मानायला काहीच आधार नाही. उलटच आहे.

इथे खोदाईत आधी काळी माती लागते, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेला करडा थर, मग मऊ मुरूम, कठीण मुरूम आणि शेवटी काळा पाषाण. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यावर पाया घेत नाहीत. ती काढून बाजूला टाकतात आणि जागी मुरमाचा भराव करतात. बाहेर पडलेला हा काळा ढीग अनेकदा इमारतीचे स्लॅब पडेपर्यंत प्लॉटच्या कडेला, बऱ्याच वेळा नाल्याच्याच बाजूला, पडून राहतो. त्यात मॉन्टमोरिलोनाइट या गटातील चिकणमातीचे कण विपुल असतात, आणि त्यांचा व्यास दोन मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांश भागाहूनही, कमी असतो.

गाळ खाली बसेल, ही आशा याच आकारापाशी संपते. स्थिर पाण्यात कणाचा खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा जॉर्ज स्टोक्स यांचा नियम आहे. वीस अंश सेल्सिअसच्या पाण्यात ०.१ मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण एक मीटर खोली साधारण दोन मिनिटांत उतरतो, दहा मायक्रॉनच्या पोयट्याच्या कणाला तीन तास लागतात, आणि एक मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला बारा-तेरा दिवस. तेही पाणी पूर्ण निश्चल असेल तर. नाल्यात, वाऱ्याने हलणाऱ्या तळ्यात हा कण व्यवहारात बसतच नाही. भरीला या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि जवळ येऊन जड होण्याची संधीच मिळत नाही.

साइटवरून वाहणारे पाणी पारदर्शक बाटलीत भरून हे कोणालाही पाहता येते. हलवून ठेवल्यावर पहिल्या काही मिनिटांत तळाशी वाळूचा थर दिसतो, दुपारपर्यंत त्यावर पोयट्याचा मऊ थर चढतो, आणि वरचे पाणी दुसऱ्या दिवशीही चहाच्या रंगाचे राहते. त्यात तुरटीचा खडा फिरवला की ॲल्युमिनियमचे धनभारित आयन कणांचा ऋणभार निष्प्रभ करतात, कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके बनतात आणि डोळ्यांदेखत खाली येऊ लागतात. जलशुद्धीकरण केंद्रातही हेच होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, गढूळपणाची इष्ट मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक) आणि दुसरा स्रोत नसल्यास ५ एनटीयू आहे. स्रोताचे पाणी जितके गढूळ, तितकी तुरटी जास्त आणि उपसायचा गाळही जास्त.

शहराच्या उत्तरेला तुळजापूर रस्त्याच्या बाजूचा एकरूख, म्हणजे आपला हिप्परगा तलाव, १८७१ मध्ये अदिला नदीवर पूर्ण झाला. तलावाच्या पाणलोटात रस्त्याची, रेल्वेची किंवा घरांची कोणतीही खोदाई झाली आणि माती उघडी राहिली, तर तिचा काही भाग शेवटी त्याच पाण्यात येणार. जाड कण तलावाच्या मुखाशीच साचतात आणि साठवण खातात. बारीक कण प्रकाश अडवतात, माशांच्या कल्ल्यांत बसतात आणि आपल्याबरोबर चिकटून आलेला फॉस्फरस तलावात सोडतात, ज्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसते. शहरातल्या गटारांची गोष्ट थोडक्यात संपते: चेंबर आणि मोऱ्या गाळाने अर्ध्या भरल्या की पाऊस नेहमीचाच असूनही पाणी रस्त्यावर येते.

याचे उत्तर या गावाला नवीन नाही, म्हणूनच साइटवरची बेफिकिरी अधिक खटकते. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सोलापुरात १९३३ मध्ये सुरू झाले, आणि उतारावरून किती पाणी व किती माती जाते याची मोजणी इथल्या शेतात तेव्हापासून होत आली. समतल बांध, उताराला आडवी पेरणी, वरच्या अंगाला ताल आणि चर हे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही, कारण रब्बीची ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलाव्यावरच येते. मात्र तोच शेतकरी जमीन विकतो आणि तिचा एनए प्लॉट होतो, तेव्हा बांध सर्वांत आधी मोडला जातो.

साइटवर करायची पहिली गोष्ट म्हणजे बाहेरचे पाणी आत येऊ न देणे. प्लॉटच्या वरच्या अंगाला एक चर काढून ते वळवले तरी निम्मे काम हलके होते. दुसरी गोष्ट, उघडी जागा झाकणे. ढिगावर ताडपत्री चालते, पण मोठ्या भरावावर शेतात जाळले जाणारे उसाचे पाचट पसरणे स्वस्त आणि परिणामकारक आहे. जमीन नीट झाकेल इतक्या जाडीचे काड आच्छादन मंद उतारावरची धूप ८० ते ९० टक्क्यांनी कमी करू शकते, कारण थेंबाची ऊर्जा काडावरच संपते. भरावाच्या कडेला हरळी किंवा वाळा लावला तर पुढची काळजी मुळे घेतात. उतार लांब असेल तर त्याला मध्ये पायऱ्या द्याव्यात.

गाळ अडवणे याच्या नंतर येते. साइटभोवती बांधलेली हिरवी जाळी अनेकांना पुरेशी वाटते, पण ती धुळीसाठी असते. तिच्याखालून पाणी खुशाल जाते. गाळ अडवणारे कापड समपातळी रेषेत, खालची कड जमिनीत वीतभर गाडून उभे करावे लागते, आणि तेही चाळणीसारखे काम करत नाही. ते पाणी थोडा वेळ तुंबवते, तेवढ्यात वाळू आणि पोयटा बसतो. चिकणमाती मात्र पार निघून जाते, आणि म्हणून काळ्या मातीच्या गावात केवळ कापडावर आणि गाळ-खड्ड्यावर भिस्त ठेवणे मला चुकीचे वाटते. खड्डा केलाच तर त्याचे पाणी तळातून न काढता वरच्या थरातून काढावे, आणि काँक्रीट मिक्सर धुतलेले पाणी त्यात मिसळू नये. ते तीव्र अल्कधर्मी असते. डंपर बाहेर पडतो तिथे जाड खडीची पट्टी हवी. टायरला लागलेला चिखल ऑक्टोबरात धूळ होऊन सगळ्या रस्त्यावर उडतो.

कायद्याकडे बोट दाखवून इथे फारसे भागत नाही. पर्यावरण मंजुरीची अट २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना लागू होते, आणि सोलापुरातली असंख्य घरे, अपार्टमेंट आणि छोटे प्लॉट त्याखालीच राहतात. बांधकाम परवाना देतानाच ढिगाची जागा, वरचा चर आणि खोदाईचा महिना नकाशावर मागून घेणे महापालिकेला सहज शक्य आहे. नोव्हेंबर ते मे ही सात महिन्यांची कोरडी खिडकी सोलापूरइतकी भरवशाची फार थोड्या शहरांना मिळते. जो खड्डा त्या काळात भरून होईल, त्याला ताडपत्रीही लागणार नाही.

वोल्मन यांच्या आलेखात वस्ती पूर्ण झाल्यावर गाळ खाली येतो, तिथे एक पुस्ती जोडायला हवी. स्लॅब, पेव्हर ब्लॉक आणि डांबर पडले की माती झाकली जाते, पण मुरणारे पाणीही थांबते. मग तोच नाला आधी बांधकामाच्या वर्षांत गाळाने उथळ होतो आणि नंतर जास्त, वेगवान, स्वच्छ पाणी आल्यामुळे आपलेच काठ कापू लागतो. काठालगतच्या कुंपणभिंती खचू लागतात त्या या दुसऱ्या टप्प्यात, बांधकाम व्यावसायिक ताबा देऊन निघून गेल्यावर, आणि दुरुस्तीचा खर्च सोसायटीच्या सभासदांच्या माथी येतो.